डब्याची मागची बाजू

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सांडोरच्या गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते. पाऊस पडायच्या आत सर्व्हिसिंग उरकून घ्यायची ही वसईतली जुनी सवय. अशाच एका सकाळी माझ्या पुढे नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा स्कूटर घेऊन उभा होता. मेकॅनिकने खालचा नट सोडला, काळं ऑइल पसरट टबात गळू लागलं आणि त्याने फळीवरून दोन डबे काढून पुढ्यात ठेवले. एक सरकारी तेल कंपनीचा. दुसऱ्यावर सोनेरी अक्षरांत ‘फुल सिंथेटिक’ असं लिहिलेलं, किंमत जवळजवळ अडीचपट.

‘‘यातलं कुठलं टाकू?’’

‘‘काका, तुम्हीच सांगा.’’

‘‘मी तर महागच सांगेन बाबा. इंजिनाला चांगलं.’’

मुलाने क्षणभर विचार केला. ‘‘स्टेशनपर्यंतच तर जाते गाडी. साधं टाका.’’

दोघंही मनापासून बोलत होते. पण डबे फळीवरून उतरले तसेच, तोंड पुढे करून उभे होते. मी हात पुढे करून ते फिरवले. स्वस्त डब्याच्या मागे ‘२०डब्ल्यू-४०, जासो एमए’ असं छापलेलं होतं, महाग डब्यामागे ‘१०डब्ल्यू-४०, जासो एमए-२’. म्हणजे दोन्ही तेलं गिअरच्या मोटरसायकलसाठी बनवलेली. डिकीतल्या प्लास्टिकच्या पाकिटात स्कूटरचं माहितीपुस्तक होतं. त्यात ‘१०डब्ल्यू-३०, एमबी’ असं स्वच्छ लिहिलेलं. तसं तेल त्याच फळीवर कोपऱ्यात सापडलं, ८०० मिलीलीटरच्या लहान डब्यात, त्याच सरकारी कंपनीचं आणि पहिल्या दोघांपेक्षा कमी पैशांत.

इंजिन ऑइलच्या बाबतीत आपण बहुतेक जण असंच करतो. स्वस्त की महाग, एवढ्यावरच आपला विचार थांबतो आणि ज्याच्यावर भरवसा ठेवायचा ते डब्याच्या मागच्या बाजूला न वाचलेलं राहतं.

*

आधी डब्यात काय असतं ते पाहू. इंजिन ऑइलचा मोठा भाग, साधारण ७५ ते ९० टक्के, हा ‘बेस ऑइल’चा असतो. ते कच्च्या तेलापासून निघतं आणि त्याचा एक मोठा कारखाना आपल्यापासून लांब नाही. चेंबूरजवळ माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमची रिफायनरी आहे. तिथला ल्यूब विभाग १९६९ साली ‘ल्यूब इंडिया’ या नावाने सुरू झाला. एस्सो ही परदेशी कंपनी आणि भारत सरकार यांची ती भागीदारी होती. १९७४ साली एस्सोचा भारतातला कारभार सरकारने ताब्यात घेतला, त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली आणि माहुलचा हा विभाग तिच्याकडे आला. आज तो देशातला सर्वांत मोठा ल्यूब कारखाना मानला जातो.

उरलेला भाग ‘अ‍ॅडिटिव्ह’ म्हणजे पूरक रसायनांचा. काजळी धुऊन काढणारी, काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देणारी, गंज रोखणारी, फेस मारणारी आणि धातूवर धातू घासला तर मध्ये पातळ संरक्षक थर धरणारी. या शेवटच्या कामासाठी जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक संयुग १९४०च्या दशकापासून वापरात आहे आणि अजून त्याला पुरता पर्याय सापडलेला नाही. ही रसायनं प्रत्येक ऑइल कंपनी स्वतः बनवत नाही. जगात या धंद्यात मुख्यतः चार कंपन्या आहेत : लुब्रिझॉल, इन्फिनियम, आफ्टन आणि ओरोनाइट. त्या ठरावीक दर्जाचं तयार मिश्रण विकतात. लुब्रिझॉलचा भारतातला एक कारखाना नवी मुंबईत तुर्भ्याला आहे आणि इंडियन ऑइल त्यात भागीदार आहे.

मग हे सगळं एकत्र कालवलं जातं ते ब्लेंडिंगच्या कारखान्यात. आपल्या पालघर जिल्ह्याची हद्द जिथे संपते तिथून पुढे सिल्वासा लागतं. तिथे अनेक नामवंत ब्रँडांचं ऑइल तयार होतं. कॅस्ट्रॉलचा एक कारखाना तिथे, दुसरा रायगडमध्ये पाताळगंगेला. शेलचा तळोज्याला.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगायचं कारण असं की स्वस्त आणि महाग या दोन डब्यांमधली दरी आपल्याला वाटते तेवढी खोल नसते. एकाच दर्जाच्या, एकाच ग्रेडच्या दोन नामवंत कंपन्यांच्या तेलांत बेस ऑइल सारखंच असू शकतं, अ‍ॅडिटिव्हचं मिश्रण एकाच कारखान्यातून आलेलं असू शकतं. किमतीतला फरक बराचसा जाहिरातीचा, वितरकाच्या कमिशनचा आणि मेकॅनिकला मिळणाऱ्या बक्षिसाचा असतो. काही डब्यांच्या झाकणाखाली कूपन निघतं, ते मेकॅनिकने जमा केलं की पॉइंट किंवा पैसे मिळतात. यात बेकायदा काही नाही. मात्र मेकॅनिकने सुचवलेला ब्रँड हा प्रत्येक वेळी इंजिनाकडे पाहूनच सुचवलेला असेल असं धरून चालू नये. गाडी बनवणारी कंपनी ज्याला ‘जेन्युइन ऑइल’ म्हणते, तेही तिच्या कारखान्यात तयार होत नाही. ती आपला दर्जा सांगून ते ऑइल कंपनीकडून बनवून घेते.

*

आता डबा उलटा करू या. सगळ्यांत ठळक असतात ते आकडे : २०डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३०. अमेरिकेतल्या ‘एसएई’ या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने ही पद्धत बसवली. तिची सुरुवात १९११ सालची. हे आकडे दाटपणाचे आहेत, दर्जाचे नाहीत.

आपल्याकडे जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली सकाळी उन्हात ठेवावी लागते. इंजिन ऑइल आपल्या हवेत तसं गोठत नाही, पण थंडीत दाट होणं आणि उष्णतेत पातळ होणं हा त्याचाही स्वभाव आहे. ‘डब्ल्यू’ हे ‘विंटर’चं आद्याक्षर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो. तो जितका लहान तितकं गाडी सुरू होताक्षणी तेल वरपर्यंत लवकर पोहोचतं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या पट्ट्यात बसणाऱ्या तेलाला ३० म्हणतात, त्याच्या वरच्या १६.३पर्यंतच्या पट्ट्याला ४०. त्यामुळे ‘चाळीस नंबर तीस नंबरपेक्षा भारी’ असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. इंजिनातल्या फटी किती बारीक ठेवल्यात त्यावरून कंपनी हा आकडा ठरवते. बारीक फटींच्या इंजिनात दाट तेल घातलं तर ते वेळेवर पोहोचत नाही, इंजिनाला जोर जास्त लागतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. मोठ्या फटींच्या जुन्या इंजिनात फार पातळ तेल घातलं तर थर टिकत नाही. अ‍ॅक्टिव्हा किंवा स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. ‘आपल्याकडे गरम होतं, म्हणून जाड टाकू’ या सल्ल्याने ते बदलू नये. कंपनीने पुस्तक लिहिताना आपलंच हवामान डोळ्यांपुढे ठेवलेलं असतं.

दर्जा सांगणारी अक्षरं आकड्यांच्या खाली असतात. ‘एपीआय’ म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. पेट्रोल इंजिनाच्या तेलांना तिची अक्षरं ‘एस’ने सुरू होतात, डिझेलच्या ‘सी’ने. दुसरं अक्षर वर्णमालेत जितकं पुढचं, तितकी कसोटी नवी आणि कडक. एसएल २००१ची, एसएम २००४ची, एसएन २०१०ची, एसपी २०२०ची. डिझेलमध्ये सीआय-४ २००२ची, सीके-४ २०१६ची. गाडीच्या पुस्तकात एसएल सांगितलं असेल आणि डब्यावर एसएन असेल तर चालतं. पुस्तकात एसएन असताना एसएफ घेतलं तर ते वीस-तीस वर्षं मागचं तेल झालं.

अशी जुनी तेलं कायद्याने विकायला बंदी नसते, आणि खरी गोम इथेच आहे. अमेरिकेत डॉलर जनरल नावाच्या स्वस्त दुकानांच्या मोठ्या साखळीने स्वतःच्या नावाचं इंजिन ऑइल विकायला ठेवलं. पुढून डबा चकचकीत, फळीवर ते चांगल्या ब्रँडांच्या शेजारी मांडलेलं. मागच्या बाजूला मात्र बारीक अक्षरांत छापलेलं होतं की एक तेल १९८८नंतरच्या बहुतेक पेट्रोल मोटारींना चालणार नाही आणि दुसरं तर १९३०नंतरच्या. लोकांनी ते आपल्या नव्या गाड्यांत ओतलं. पुढे अनेक राज्यांतल्या ग्राहकांनी खटले भरले, ते एकत्र चालवले गेले आणि २०२१मध्ये कंपनीने तडजोड केली. तेल भेसळीचं नव्हतं, माप बरोबर होतं, डब्यावर खोटं काही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त त्या गाड्यांचं नव्हतं.

आपल्याकडे डब्यावर ‘एपीआय एसएन’ हे शब्द छापणं वेगळं आणि एपीआयकडून परवाना घेऊन तिचं गोल चिन्ह छापणं वेगळं. परवाना घेतलेल्या तेलांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. चिन्ह नसलं म्हणजे तेल वाईट असं मात्र नाही. इथल्या पुष्कळ चांगल्या डब्यांवर ते नसतं. तिथे आपण कंपनीच्या शब्दावर विसंबतो. आणि ब्रँडचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. सर्व्हो, मॅक, एचपी ही सरकारी कंपन्यांची नावं किमतीने ‘बजेट’ असतील, पण त्यांच्यामागे रिफायनरी आहे, प्रयोगशाळा आहे (इंडियन ऑइलची फरिदाबादची संशोधन संस्था १९७२पासूनची), तक्रार न्यायला पत्ता आहे. ज्या डब्यावर परदेशी वाटणारं नाव, वाघाचं किंवा रेसिंग गाडीचं चित्र आणि उत्पादकाचा पत्ता अर्धवट असतो, तोही ‘बजेट’ म्हणूनच विकला जातो. स्वस्त आणि निनावी या दोन गोष्टी एका तागडीत घालू नयेत. पहिलं मी डोळे झाकून घेईन. दुसरं फुकट दिलं तरी गाडीत ओतणार नाही.

*

तिसरी अक्षरं ‘जासो’ची, आणि ती मी माझ्या खर्चाने शिकलो.

खूप वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मोटरसायकल होती. घाईच्या दिवशी एका दुकानातून पिंपातलं सुटं ऑइल मापून घेतलं. दुकानदार म्हणाला, मारुतीत हेच जातं, एक नंबर आहे. दोन आठवडे गाडी लोण्यासारखी चालली. मग एका संध्याकाळी स्टेशनाकडच्या उड्डाणपुलाच्या चढावर मी मूठ पिळली तर इंजिन नुसतं गर्जत राहिलं आणि गाडी जागेवरून सरकेना. मागून बस हॉर्न देत होती, मागे बसलेली बहीण उतरून चालायला लागली. मी गाडी ढकलत पूल उतरलो.

आमच्या मेकॅनिककाकांनी क्लचचं झाकण उघडलं. प्लेटी झिजलेल्या नव्हत्या, त्या गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांनी एक प्लेट माझ्या हातात दिली आणि अंगठा फिरवायला सांगितलं. खडबडीत असायला हव्या त्या पृष्ठभागावर बोट घसरत होतं. मोटरसायकलमध्ये क्लच त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, कारण मोटारीचा क्लच तेलात नसतो. तीच रसायनं मोटरसायकलच्या क्लचला पकड घेऊ देत नाहीत.

जपानमधल्या कंपन्यांना या अडचणीमुळेच १९९०च्या दशकाच्या शेवटी दुचाकीच्या तेलांसाठी ‘जासो’ ही वेगळी कसोटी आणावी लागली. क्लच तेलात बुडालेल्या मोटरसायकलींसाठी ‘एमए’ आणि पुढे त्यातलं अधिक पकडीचं ‘एमए-२’. आणि स्कूटरसाठी ‘एमबी’, कारण स्कूटरचा क्लच कोरडा, पट्ट्याच्या बाजूला असतो. तिथे घर्षण कमी झालं तर पेट्रोलच वाचतं. एमबी तेल मोटरसायकलला घातलं तर माझ्यासारखी गत होते. एमए तेल स्कूटरला घातलं तर नुकसान मोठं नसतं, थोडं अ‍ॅव्हरेज कमी मिळतं. पण जास्त पैसे देऊन कमी अ‍ॅव्हरेज कशाला घ्यायचं?

*

‘फुल सिंथेटिक’ या शब्दांनी सर्वांत जास्त पैसे खिशातून जातात, म्हणून त्यांचा इतिहास सांगायला हवा.

बेस ऑइलचे पाच गट आहेत. पहिले तीन कच्च्या तेलापासून, प्रत्येक पुढचा गट अधिक शुद्ध केलेला. चौथा गट ‘पीएओ’चा, प्रयोगशाळेच्या पद्धतीने लहान रेणू जोडून घडवलेला. पाचव्यात उरलेलं सगळं. सुरुवातीला सिंथेटिक म्हटलं की चौथ्या गटासारखी घडवलेली तेलं डोळ्यांपुढे येत. १९९०च्या दशकात कॅस्ट्रॉलने आपल्या ‘सिंटेक’ या तेलात अतिशुद्ध केलेलं तिसऱ्या गटाचं तेल वापरायला सुरुवात केली आणि डब्यावर सिंथेटिक हा शब्द कायम ठेवला. ‘मोबिल वन’ बनवणाऱ्या मोबिलने अमेरिकेच्या जाहिरात तपासणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. १९९९ साली निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून बाजारात तिसऱ्या गटाचं तेलही उजळ माथ्याने सिंथेटिक म्हणवतं.

मला तो निकाल तांत्रिकदृष्ट्या चुकीचा वाटत नाही. तिसऱ्या गटाचं तेल खरोखर चांगलं असतं. ते उष्णतेत लवकर जळत नाही, त्याची वाफ कमी होते, थंडीत सहज वाहतं. पण ‘सिंथेटिक’ या शब्दावरून आत नेमकं काय आहे ते आता कळत नाही, आणि ‘सेमी सिंथेटिक’मध्ये सिंथेटिकचा वाटा किती असावा याचंही सर्वमान्य बंधन नाही. कॅस्ट्रॉलचं नाव घेतलंच आहे तर एक जुनी गोष्ट : चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीने १९०९ साली आपल्या तेलाला हे नाव दिलं ते त्यात एरंडेल मिसळलेलं होतं म्हणून. इंग्रजीत एरंडेलाला कॅस्टर ऑइल म्हणतात. आजीच्या कपाटातलं एरंडेल विमानाच्या आणि मोटारीच्या इंजिनांत गेलं होतं.

मग महाग तेल कधी घ्यावं? टर्बो बसवलेली मोटार असेल तर घ्यावं, कारण टर्बोच्या दांड्याजवळ तेल फार तापतं. कंपनीने ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ सांगितलेली नवी मोटार असेल तर पर्यायच नाही. इतकं पातळ तरी टिकाऊ तेल साध्या बेस ऑइलमधून बनत नाही. १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ डिझेल मोटारींत धूर गाळणारी जाळी असते. तिला कमी राख सोडणारं, पुस्तकात सांगितलेलं तेलच लागतं. इथे स्वस्तात केलेली चूक जाळी बदलण्याच्या खर्चाने वसूल होते. आणि दिवसभर अंधेरी-घोडबंदरच्या गर्दीत गाडी हाकणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलांनीही चांगलं तेल घ्यावं. त्यांचं इंजिन दहा-दहा तास तापलेलं असतं, पोट त्याच्यावर चालतं.

सांडोरहून वसई स्टेशनला जाणाऱ्या स्कूटरची गोष्ट वेगळी आहे. सकाळी दहा-पंधरा मिनिटं चालते, दिवसभर पार्किंगमध्ये उभी असते, रात्री तेवढीच परत येते. मुलगा म्हणाला होता, ‘स्टेशनपर्यंतच तर जाते.’ त्याला वाटलं, हे हलकं काम. इंजिनासाठी हेच जड काम आहे. एवढ्या थोड्या वेळात तेल पुरतं तापत नाही. ज्वलनातून सुटलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं आणि वाफ होऊन निघून जात नाही. त्यात आपली खाडीकाठची दमट, खारी हवा. अशा स्कूटरला वर्षात किलोमीटर जेमतेम अडीच-तीन हजार होतात, म्हणून लोक तेल बदलतच नाहीत. पुस्तकात किलोमीटरबरोबर महिनेही दिलेले असतात. यातलं जे आधी येईल ते पाळायचं असतं. तिला महाग तेल घालून दोन वर्षं चालवण्यापेक्षा साधं, योग्य ग्रेडचं तेल वेळेवर बदललं तर इंजिन जास्त जगतं.

तेल काळं झालं म्हणून ते संपलं, हाही गैरसमज आहे. काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच. बोटांत चोळून चिकटपणा पाहण्याचाही उपयोग नाही. त्यापेक्षा टिपकागदावर गरम तेलाचा एक थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. डाग मधून बाहेर हलका-हलका विरत गेला असेल तर तेल अजून काजळी धरून ठेवतंय. मधोमध काळाकुट्ट, तीक्ष्ण कडेचा ठिपका आणि बाहेर पिवळट कडं दिसलं तर त्याची ताकद संपली. हा प्रयोग फुकटात होतो.

*

तेलाच्या बाबतीत पावसाळा दरवर्षी आपली एक परीक्षा घेतो. ९ ते ११ जुलै २०१८ या दिवसांत वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरलं, लोकल बंद पडल्या, मिठागरांत माणसं अडकली. पाणी ओसरल्यावर घराघरांसमोर बुडालेल्या दुचाक्या उभ्या होत्या. पुष्कळांनी पहिली गोष्ट केली ती बटण दाबून पाहण्याची, आणि पुष्कळ इंजिनं त्यातच गेली. इंजिनात पाणी शिरलं की तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. ते इंजिनात फिरण्याआधी काढून टाकायला हवं. गाडी सुरू न करता तेल काढायचं, फिल्टर बदलायचा, योग्य ग्रेडचं तेल घालून काही मिनिटं चालवायचं, पुन्हा काढायचं, आणि दुधाळपणा पुरता जाईपर्यंत हे करायचं. हे धुण्याचं काम आहे. यासाठी सीलबंद, नामवंत कंपनीचं सर्वांत स्वस्त तेल उत्तम. इथे महाग सिंथेटिक ओतणं म्हणजे पैसे गटारात ओतणं. पाचूबंदर, नायगावच्या होडीवाल्यांना हा दुधाळ रंग चांगला ओळखीचा आहे. डिझेल इंजिनाच्या तेलात तो दिसला की पाणी कुठून तरी आत येतंय हे ते लगेच ताडतात.

*

आता सगळ्यांत वाईट डब्याकडे येतो. तो महाग ब्रँडचा असतो आणि आतलं तेल त्या ब्रँडचं नसतं. नकली माल बनवणारा स्वस्त तेलाची नक्कल करत नाही, त्यात सुटत काय? नक्कल होते ती खपणाऱ्या, महाग नावाची. म्हणून अडीचपट पैसे मोजणारा माणूस कधीकधी सगळ्यांत जास्त फसतो. डबे नवे छापलेले नसतात, बरेचदा ते खरेच असतात. गॅरेजमधून भंगारात गेलेले, धुतलेले, पुन्हा भरलेले.

झाकणाखालची कडी तुटलेली नाही ना, आत फॉइलचं सील एकसारखं चिकटलेलं आहे ना, डब्यावरचा बॅच क्रमांक पुसट किंवा स्टिकरवर चिकटवलेला नाही ना, हे पाहा. पॅकबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ माप, उत्पादनाचा महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीचा संपर्क छापणं २०११च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. यातलं एक जरी नसलं तर डबा परत द्या. अनेक कंपन्या आता डब्यावर खरवडायचा किंवा स्कॅन करायचा कोड देतात, तो दुकानातच तपासा. शंका आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दुसऱ्याच्या नावाचा माल विकणाऱ्याला १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. पेट्रोल पंपावर त्याच कंपनीचं तेल घेतलं तर मधले हात कमी होतात, म्हणून माझी पहिली पसंती तीच.

आणि जुन्या तेलाचं काय करता? आपल्याकडे ‘जळकं ऑइल’ सेंट्रिंगच्या फळ्यांना, कुंपणाच्या खांबांना, वाळवीवर फासायची पद्धत आहे. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात, ते उघड्या हाताने फासू नये. गटारात ओतलेलं तेल पहिल्या पावसात बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात जातं. एका गॅलन जुन्या तेलाने दहा लाख गॅलन पाणी नासू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. आपली बावखलं, आपल्या वाड्यांतल्या विहिरी याच पाण्यावर आहेत. केळी, भाजी, फुलं तिथूनच पितात. १ एप्रिल २०२४पासून वापरलेलं तेल गोळा करून पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर टाकली आहे. पण ते गोळा व्हायचं तर आधी गॅरेजच्या पिंपात पोहोचलं पाहिजे.

त्या सकाळी स्कूटरवाल्या मुलाचं काम झाल्यावर मेकॅनिककाकांनी रिकामा डबा कोपऱ्यातल्या पोत्याकडे भिरकावला. मी त्यांना स्क्रूड्रायव्हर मागितला आणि डब्याच्या तळाला भोक पाडलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला गेलो तर पोत्यातल्या सगळ्याच डब्यांना भोकं होती. तुमच्या गाडीचं ऑइल बदलताना समोर उभे राहा, डब्याची मागची बाजू वाचा, सील तुमच्या डोळ्यांदेखत फोडायला सांगा, आणि निघायच्या आधी त्या डब्याला भोक पाडा.